पळसावरच्या भोरड्या

२२ फेब्रुवारी, रविवार

पंचांगात अजून शिशिर चालू आहे, पण नागपूरला विचाराल तर थंडी संपली. सकाळी सहाला जॅकेट घालून निघालो आणि आठ वाजता ते डिक्कीत.

काटोल रोडनं फेटरीच्या पुढे गेलो होतो ते पट्टकादंब हंसांसाठी. हिमालय ओलांडून येतात, आपल्या तलावांवर हिवाळा काढतात आणि मार्चच्या आसपास तिबेट-मंगोलियाकडे परत, म्हणजे या सीझनचा जवळपास शेवटचाच चान्स. तलावावर पाहतो तर एक बगळा आणि दोन टिटव्या, त्यांनी मला पाहून अख्खं गाव जागं केलं. बस. मूडच गेला.

परत येताना एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक पळस दिसला. पानं तीन सोडा, एकही नव्हतं, नुसती फुलं, आणि वारा नसताना झाड हलत होतं. भोरड्या! शंभरेक तरी असतील, गुलाबी अंग, काळं डोकं आणि नुसता कलकलाट, बिचाऱ्या एका शिंजीराला तर फांदीवर टेकूच देत नव्हत्या. यांना पळसमैना का म्हणतात ते आज नीट पाहिलं. एकीवरच दुर्बीण धरून ठेवली. चोच फुलात घालायची, डोकं आत दाबायचं, बाहेर आलं की कपाळावर पिवळी पूड, आणि तसंच मळलेलं कपाळ घेऊन पुढच्या फुलावर. परागीभवन दहावीत पाठ केलं होतं, पाहिलं आज. त्या फुलाचा आकारही पोपटाच्या चोचीसारखा, म्हणून तर संस्कृतात किंशुक, हा पोपट तर नाही ना, असं.

मागून आवाज आला, "काय मोजून राह्यले हो? लेआऊट पडते का इथं?"

दुर्बीण दिसली की आमच्याकडे हाच प्रश्न येतो.

"नाही काका, पाखरं पाहून राहिलो."

"भोरड्या? हे का पाह्याची गोष्ट हाय? ज्वारी होती तवा दिवसभर मचाणावर गोफण फिरवाचो, वरडून वरडून घसा बसे. आता ज्वारीच नाही लावत कोनी, तं ह्या बसल्या पळसावर."

हे बोलताना राग होता की आठवण, कळलं नाही. त्यांची आता संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार फुललाय, त्याचा वास धुऱ्यापर्यंत येत होता.

मग म्हणाले, द्या बरं ते इकडं. फोकस कसा करायचा ते दाखवलं. काकांनी भोरड्या दोन सेकंद पाहिल्या असतील, मग दुर्बीण हळूहळू आपल्या बागेकडे वळवली, एकेक झाड पाहत गेले, विहिरीपाशी थांबले.

"अबे, रातची लाईन आली तवापासून मोटर चालूच राह्यली!"

दुर्बीण माझ्या हातात कोंबली, चपला हातात घेतल्या आणि धुऱ्याधुऱ्यानं पळाले. त्या ओरडण्यानं सगळ्या भोरड्या एकदम उडाल्या आणि पळस रिकामा.