रानडे रोडवर अमेरिकन शाळेसाठी देणगी मागताना

अमेरिकेतल्या सरकारी शाळेला फी नसते, याचं दादरच्या आमच्या शेजारच्या काकूंना फार कौतुक. फी नसते हे खरंच. पण आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत घरपट्टी सणसणीत असते आणि तिचा मोठा वाटा शाळांकडेच जातो. त्यात पगार, बस, इमारत भागतं. वाद्यं, सहली, वाचनालयातली जादा पुस्तकं वगैरेंचे पैसे आमच्याकडे पालक संघ उभे करतो, तेही मुख्यतः दुकानदारांकडून देणगी म्हणून मिळालेल्या वस्तूंच्या वार्षिक लिलावातून. यंदा वस्तू जमवायच्या समितीत माझं नाव पडलं. लिलाव नोव्हेंबरात, म्हणून जुलैत मुंबईला येताना पालक संघाच्या लेटरहेडवरची पत्रं बॅगेत टाकूनच आले.

तिथल्या मोठ्या साखळी दुकानांत मॅनेजरच्या ओळखीचा फारसा उपयोग होत नाही. बहुतेकांचा ऑनलाइन अर्ज असतो, तो कित्येक आठवडे आधी भरायचा, सोबत संस्थेचा टॅक्स आयडी आणि अमेरिकन करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली ती करमुक्त असल्याचं पत्र. छोट्या दुकानांत मात्र स्वतः जायचं, आणि हॉटेलात जायचं तर दुपारी तीन-चारला, मालक जरा टेकलेला असताना.

देणाऱ्याचं गणित पक्कं असतं. कराटे क्लासवाला महिनाभराच्या मोफत शिकवणीचं कूपन देतो. वर्ग चालूच असतो, एक मूल वाढलं तर त्याचं काय जातं? मूल रमलं की पुढची फी सुरू. फोटोग्राफर कौटुंबिक फोटोसेशन देतो, प्रिंट मात्र विकत घ्यायच्या, ही त्यातली गोम. बोली साधारण किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून ते निम्म्यापर्यंत कुठेतरी सुरू करतात आणि पालक मोबाइलवरून ती चढवत नेतात. सोडत काढायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. ती कायद्याने नशिबाचा खेळ ठरते आणि न्यू जर्सीत त्यासाठी नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. गंमत म्हणजे ज्यांच्यावर उड्या पडतात त्या गोष्टींना दमडी लागत नाही: शाळेच्या दारातली वर्षभराची राखीव पार्किंगची जागा, मुलांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, मुलाला एक दिवस मुख्याध्यापक होण्याची संधी.

तर रानडे रोड. आईच्या ओळखीच्या साडीच्या दुकानात गेले, पत्र पुढे केलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं, मग उलटं करून कोरी बाजूही पाहिली.

"जाहिरात अर्ध्या पानाची की पाव?"

"स्मरणिका नाही काढत काका, लिलाव आहे. साडीपुढच्या कार्डावर तुमचं नाव येईल."

"आणि ते वाचून तिकडचं गिऱ्हाईक दादरला येणार?"

"सुट्टीत न्यू जर्सीतलं निम्मं एडिसन गाव दादरलाच असतं, सगळी आपलीच माणसं."

हे त्यांना पटलं. पोऱ्याला हाक मारून एक नारायणपेठी काढायला लावली, पदर उलगडून काठ दाखवला आणि विचारलं, "बिल कशाला फाडायचं?" बिल हवंच होतं. वस्तूची बाजारभावाने किंमत किती, हे बोली लावणाऱ्याला आधी कळावं लागतं, कारण त्याला करात सवलत मिळते ती त्या किमतीच्या वरच्या रकमेपुरतीच. ८० डॉलरची साडी कुणी २०० डॉलरला घेतली, तर देणगी फक्त १२० डॉलर. शिवाय ७५ डॉलरपेक्षा जास्त पैसे घेतले की हे लेखी कळवणं संस्थेवर बंधनकारक. काकांना इथे काहीच सवलत नाही, हेही सांगून टाकलं. भारतातली देणगीवरची करसवलत वस्तूरूपी देणगीला लागू होत नाही आणि आमचा पालक संघ तर परदेशातला. "आईला नमस्कार सांग," म्हणाले, विषय संपला.

तेवढ्यात मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन आली. काकांनी एक शब्द न बोलता गल्ला उघडला. वर्गणी देणारा राजीखुशीने देतो की उद्या याच पोरांसमोर दुकान उघडायचं आहे म्हणून, हे मला कधीच नीट उमगलेलं नाही. अमेरिकन पत्रातली मला आवडणारी गोष्ट हीच, की त्याला नाही म्हणता येतं. 'या वर्षीचा निधी संपला' असं दोन ओळींचं उत्तर येतं आणि कुणाचं काही बिनसत नाही. रानडे रोडवर नकार असा येत नाही. "गणपतीनंतर बघू", "मुलाला विचारतो, तोच बघतो हल्ली", आणि चहा. चहा आला की समजायचं, साडी येत नाही.

पत्राच्या पद्धतीतही खोट आहे. आमच्या गावात डॉक्टर, वकील, आयटीवाले भरपूर, त्यामुळे बोली चढते. शेजारच्या गावात दुकानं तेवढीच असतील, पण बोली लावणारे खिसे कुठून आणायचे? करसवलत मात्र आम्हालाच. समितीत मी हे एकदा काढलं होतं, तेव्हा सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि चर्चा केटररवर गेली.

हे सगळं आमच्या दादरच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, तर तिथे वेगळंच पेटलं. शाळेला प्रयोगशाळा नीट करायची आहे आणि दर वेळी स्मरणिका काढून त्याच त्याच दुकानदारांकडून 'हार्दिक शुभेच्छा' मिळवायला सगळे कंटाळलेत. लिलाव करू या, असं ठरत आलं. एकाने शाळेच्या पटांगणातल्या पार्किंगवर बोली लावायचं सुचवलं (दादरमध्ये त्यावर काय आकडा जाईल, कल्पना करा). स्नेहसंमेलनाची पहिली रांग विकायचं म्हटल्यावर मात्र आमच्या निवृत्त बाई ग्रुपवर प्रकटल्या: "पहिली रांग विकायची नाही. तिथे शिपाईमामांची नातही बसते." कुणी वाद घातला नाही. मलाही बाईंचंच पटलं.

आता यादीत देवगड हापूसच्या पेट्या आहेत, कोकणातल्या एकाच्या घरी दोन रात्रींचा मुक्काम, तबल्याची शिकवणी आणि एका मैत्रिणीने कबूल केलेला आठ जणांचा मालवणी जेवणाचा बेत. दुकानं वाटून घेतली आहेत. रानडे रोड माझ्याकडे होता, पण मी परत चालले, तेव्हा तो कुणीतरी घ्या. साडीवाल्या काकांकडे यंदा जाऊ नका, त्यांचं देऊन झालंय.