क्लॉड रेन्सचा आवाज

जुन्या हॉलिवूडमधल्या चरित्र अभिनेत्यांत मी क्लॉड रेन्सला सर्वांत वरचे स्थान देतो आणि त्याचे पहिले कारण त्याचा आवाज हे आहे. १८८९ साली लंडनमधल्या गरीब घरात जन्मलेल्या या मुलाच्या बोलण्यात दोष होता आणि उच्चार थेट कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीच्या वळणाचे होते. नाट्यगृहात पडेल ते काम करणाऱ्या या पोराची चुणूक ओळखून हर्बर्ट बीअरबोम ट्री या नामवंत नटाने त्याच्या वाणीच्या शिकवणीचा खर्च उचलला. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. युद्धानंतर तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमध्ये शिकवू लागला आणि तिथे पुढे नामवंत नट झालेला जॉन गिलगुड त्याचा विद्यार्थी होता.

हॉलिवूडने त्याला चाळिशी उलटल्यावर जवळ केले, तेही चेहरा झाकून. १९३३ च्या 'द इनव्हिजिबल मॅन'मध्ये त्याचा चेहरा अगदी शेवटी क्षणभर दिसतो. तोवर पट्ट्यांआडून येणारा आवाजच त्या माणसाचा अहंकार आणि वाढते वेड आपल्यापर्यंत पोचवतो.

त्याचे खरे मोठेपण मात्र मला हिचकॉकच्या 'नटोरियस'मध्ये (१९४६) दिसते. त्यातला अलेक्झांडर सेबॅस्टियन नाझींचा साथीदार आहे, बायकोवर विषप्रयोग करणारा आहे. तरीही तिच्यावर त्याचे नायकापेक्षा अधिक मोकळेपणाने प्रेम होते, हे रेन्स आपल्याला पटवतो. शेवटी नायक तिला घेऊन जिना उतरतो, तेव्हा साथीदारांच्या नजरेखाली सेबॅस्टियनला काळजीवाहू नवऱ्याचे सोंग वठवावे लागते. मोटारीत आपल्यालाही घ्या म्हणून तो अजिजी करतो, पण दार आतून लावले जाते आणि मागून त्याला घरात बोलावणे येते. परत पायऱ्या चढणाऱ्या त्या खलनायकाच्या काळजीने आपलाच जीव खालीवर होतो.

'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', 'कॅसाब्लांका', 'मिस्टर स्केफिंग्टन' आणि 'नटोरियस' या चार चित्रपटांसाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार एकदाही मिळाला नाही, आणि 'नटोरियस'च्या बाबतीत तो मला सरळसरळ अन्याय वाटतो. रंगभूमीने मात्र त्याची कदर केली आणि १९५१ मध्ये 'डार्कनेस ॲट नून' या नाटकासाठी त्याला टोनी पुरस्कार दिला. सत्तरी ओलांडल्यावरही 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला धूर्त ड्रायडन त्याने मोजक्याच प्रसंगांत, आवाज जराही न चढवता उभा केला. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये त्याचे निधन झाले.