वीस अक्षरं

"आणि गल्ल्यावर कोण बसतं?"

आईने हे विचारलं तेव्हा त्या मालिकेचे सहा भाग मी मागेपुढे करत, अक्षरशः फ्रेम मोजत पाहिले होते. तरी उत्तर देता येईना. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या घरातल्या दोन बहिणी, त्यांचं कपड्यांचं दुकान, हाताखाली चार पोरी. घरच्या मोठ्या मालिकेतून फुटलेली ही धाकटी मालिका. नाव लिहीत नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. आईला नुसती गोष्ट सांगत होते. तिने आणि मावशीने डोंबिवलीत 19 वर्षं मॅचिंग सेंटर चालवलं. दुकान म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर आधी गल्ला येतो, मग उधारीची वही, मग अस्तरांचे ठाण.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. गल्ला होता, मागे कोणी नव्हतं. गिऱ्हाईकंही नव्हती. ती का नव्हती याचा मात्र मला अंदाज होता. चेहरा ओळखू येईल अशा प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी लागते, नाहीतर चेहरा धुरकट करावा लागतो. दुकानभर धुरकट डोकी हिंडण्यापेक्षा दुकान रिकामं परवडतं.

2016 सालची गोष्ट. मालाडच्या एका ऑफिसात मी रात्रपाळीला कॅप्शन लिहायचे. नातेवाइकांना अजूनही वाटतं की मी भाषांतर करायचे. कॅप्शन म्हणजे इंग्रजी ऐकून इंग्रजीच लिहायचं, अमेरिकेतल्या कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. तिकडच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 2014 मध्ये कॅप्शनच्या दर्जाचे नियम केले: मजकूर अचूक हवा, आवाजाच्या बरोबरीने यायला हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत हवा आणि चेहऱ्यावर किंवा पडद्यावरच्या इतर मजकुरावर चढता कामा नये. म्हणजे बहिणी तिथे भांडायच्या आणि त्यांच्या स्वल्पविरामांसाठी मालाडमध्ये पहाटे तीनला आमची भांडणं व्हायची.

या कामाचा मला अभिमान होता, तो थोडा सांगूनच टाकते. एका ओळीत 32 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. ओळ कुठे तोडायची याची शिस्त असते. विशेषण वरच्या ओळीत आणि नाम खालच्या ओळीत लोंबकळत ठेवलं तर आमची टीम लीड पानभर बोलायची. तिथल्या टीव्हीच्या सेकंदात 30 फ्रेम नसतात, 29.97 असतात. तेवढ्या फरकाने तासाला 3.6 सेकंदांची चूक साचते, म्हणून दर मिनिटाला टाइमकोडमधले, म्हणजे फ्रेमना दिलेल्या क्रमांकांमधले, दोन आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. फ्रेम गाळत नाहीत हं, आकडे. हे मला नव्या पोरांना समजावताना फार आवडायचं. त्यांना ऐकताना तेवढं आवडत नसावं.

रिअॅलिटी शो हा आमच्याकडचा सगळ्यात चिवट माल. बातम्यांमध्ये माणसं एकेक करून बोलतात, इथे चौघी एकदम बोलतात, त्यातली एक तोंडात सॅलड घेऊन. 22 मिनिटांच्या भागाला माझी अख्खी पाळी जायची. पैसे कार्यक्रमाच्या मिनिटांवर मिळायचे, त्यामुळे सॅलडची भरपाई नव्हती.

बहिणींचं दुकान हा साचा तोवर चांगलाच मुरलेला होता. कार्डॅशियन बहिणींनी, म्हणजे कोर्टनी, किम आणि क्लोईने, 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलाबाससला 'डॅश' नावाचं बुटीक काढलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ई वाहिनीवर त्यांच्या घराची मालिका सुरू झाली. 2009 मध्ये मायामीला शाखा निघाली आणि तिच्याबरोबर मायामीची मालिका. मग न्यूयॉर्कची शाखा, 2011 मध्ये न्यूयॉर्कची मालिका. शाखा काढली म्हणून मालिका की मालिका हवी म्हणून शाखा, हा प्रश्न आईने नक्की विचारला असता. 2015 मध्ये तर 'डॅश डॉल्स' आली, ती दुकानात काम करणाऱ्या मुलींवर. 2018 मध्ये दुकानं बंद झाली. घरची मालिका त्यानंतरही तीन वर्षं चालली.

आमच्याकडची मालिका याच साच्यातली. भाग कसा जातो ते सहाव्या भागापर्यंत मला पाठ झालं होतं: तिसऱ्या मिनिटाला घोटाळा, नवव्याला बहिणींची जुंपते, पंधराव्याला एक बहीण गाडीत बसून आईला फोन करते, विसाव्याला गळाभेट. गळाभेट चुकवता येत नाही, कारण पुढच्या आठवड्यातही दोघी दुकानात हव्यात. मग घोटाळा कोणाच्या तरी नावावर मांडावा लागतो. मावशी आणि आईचं वाजलं की बोलणी मॅचिंग सेंटरमधल्या मदतनीस मुलीने खायची, हे मी लहानपणापासून पाहिलंय. आई हे कबूल करत नाही.

सातवा भाग होता. मुदत जवळ आली की तिकडून आधी कच्चा कट पाठवायचे. आम्ही त्यावर काम उरकून ठेवायचो आणि पक्का कट आला की फरक जुळवून घ्यायचो. नव्या मोसमाचा माल मांडायचा दिवस, सकाळी पाहुणे येणार आणि निम्म्या कपड्यांवर किमतीच्या चिठ्ठ्याच नाहीत. कोणी लावल्या नाहीत? त्या पोरींमधली एक, सगळ्यात कमी बोलणारी, मुलाखतीच्या खुर्चीत बसून सांगते, "आय जस्ट फिगर्ड शीड डन द टॅग्ज, सो आय डिडन्ट डू इट." मला वाटलं चिठ्ठ्या तिने लावल्या असतील, म्हणून मी नाही लावल्या. 'तिने' म्हणजे धाकट्या मालकीणबाईंनी, त्या आदल्या दृश्यात म्हणालेल्या असतात, "मी बघते." 54 अक्षरं, दोन ओळी. वरची 25, खालची 28, मध्ये एक जागा. ओळ सुबक तुटली होती, म्हणून लक्षात राहिली.

दोन रात्रींनी पक्का कट आला. मी माझी फाईल चढवली, भाग चालू केला आणि त्या ठिकाणी माझं कॅप्शन हवेत लोंबकळत राहिलं. आवाज आधीच संपला होता. मला वाटलं टाइमकोड सरकला. मागे जाऊन ऐकलं. पडद्यावर ती पोरगी नव्हतीच आता, न उघडलेले खोके होते, आणि खोक्यांवर तिचा आवाज: "आय जस्ट डिडन्ट डू इट."

20 अक्षरं. लावल्याच नाहीत मी.

हेडफोन घट्ट दाबून दहा-बारा वेळा ऐकलं. 'जस्ट'चा शेवटचा ट ओठाबाहेर पडायच्या आत कापला होता. 'डिडन्ट' खालच्या सुरात सुरू होत होतं, कारण मुळात ते लांब वाक्याचं शेपूट होतं. पाच शब्दांचं वाक्य कोणी असं धापावत बोलत नाही. मधला श्वास गायब. आवाजाच्या आलेखावर त्या जागी उभा कडा दिसत होता, सुरीने कापल्यासारखा. आणि बरोब्बर त्याच फ्रेमवर झांजेचा एक झणत्कार घातला होता, टाका झाकायला. आई ब्लाउजच्या उसवलेल्या जागी लेस लावून द्यायची तसा. काम सफाईचं होतं, हे मान्य करायला हवं. तुकडे जोडून केलेल्या अशा वाक्याला तिकडे 'फ्रँकनबाइट' म्हणतात. धंद्यात शब्दच रुळलेला आहे म्हणजे बघा. हे कापणाऱ्या-जोडणाऱ्याच्या हुद्द्यात 'स्टोरी' असतं, पण त्याला लेखक मात्र म्हणायचं नाही. म्हटलं तर लेखकाचा दर द्यावा लागेल.

लीडला बोलावलं. तिने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "जे ऐकू येतं ते लिही." मी तिला जुनी फाईल दाखवली. ती म्हणाली, "मग? ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच न ऐकणाऱ्याला कळायला हवं. जास्त नाही, कमी नाही. तू कॅप्शन लिहितेस, पंचनामा नाही."

बाई बरोबर बोलत होती. तिचं तसंच व्हायचं, चिडचिड व्हावी इतकी बरोबर असायची. पण खुर्चीवर परत बसल्यावर मला वाटलं, जेवढ्यास तेवढं कुठे राहतंय? ज्याला ऐकू येतं त्याला निदान तो गचका ऐकू येतो. लक्ष असेल तर कपाळाला आठी पडते, काहीतरी खटकतं. माझ्या प्रेक्षकाला मी एक सरळ, स्वच्छ, पूर्णविराम दिलेलं वाक्य देणार. कापणाऱ्याला झांज वाजवावी लागली. मला काहीच वाजवावं लागणार नव्हतं. उरलासुरला टाका मीच पुसणार होते.

मग मी एक आगाऊपणा केला. 'जस्ट' आणि 'डिडन्ट'च्या मध्ये दोन आडव्या रेघा दिल्या. बोलणं मध्येच तुटलं की आमच्या नियमात दोन रेघा द्यायची मुभा होती. बोलणं तुटलेलंच होतं की. कोणी तोडलं ते नियमात लिहिलेलं नव्हतं.

फाईल तपासणीला गेली आणि 25 मिनिटांत परत आली. तपासणारा मुलगा दोन खुर्च्या सोडून बसायचा, पण शेरे मात्र सिस्टिममधूनच पाठवायचा. डोकं वर करून बोलणं त्याच्या कामात मोजलं जात नसावं. शेरा असा: वक्ता थांबलेला नाही, रेघा काढा. उठून त्याच्याकडे गेले, हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्याने ऐकलं. "कटलंय," म्हणाला. मी म्हटलं, "तेच." तो म्हणाला, "पण ती नाही ना थांबली. त्यांनी थांबवलं. त्याला खूण नाहीये आपल्याकडे."

खरंच नव्हती. हसण्याला खूण होती, दार आपटण्याला होती, गाण्याला सूर काढून दाखवायची होती, लांबून येणाऱ्या अस्पष्ट बडबडीला होती. सहा वर्षांत मी कुत्र्याच्या उसाशाला चौकटी कंस दिलेत. याला काही नव्हतं.

कोणाला कळवावं का, हेही डोक्यात आलं. कळवणार कोणाला? तिकडच्या ज्या माणसाच्या पत्त्यावर फाईल जायची, त्याला आमची नावंसुद्धा माहीत नव्हती. आणि त्या पोरीनेही करारावर सही केलेलीच असणार. तिचं बोलणं कसंही कापायची, जोडायची परवानगी असे करार आधीच घेऊन ठेवतात. माझ्यासारखीच सही, फक्त तिची मला दिसत होती आणि माझी तिला नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर महिनाअखेर होती, आणि एका महिन्यात तीन फाईली परत आल्या की बोनस जायचा. माझ्या दोन झाल्या होत्या.

रेघा काढल्या. वाक्य एका ओळीत आलं, पडद्याच्या खाली मधोमध.

पावणेपाचला फाईल पुन्हा उघडली गेली. दुसरा शेरा. हा मी खरंच विसरले होते, रेघांच्या नादात. बोलणारी व्यक्ती पडद्यावर दिसत नसेल तर वाक्याआधी तिचं नाव द्यायचं, नाहीतर पाहणाऱ्याला कळणार कसं कोण बोललं ते. कच्च्या कटात ती खुर्चीत दिसत होती, म्हणून नाव लागलं नव्हतं. आता तिथे खोके होते.

मी वाक्याच्या वर तिचं नाव टाइप केलं, पुढे अपूर्णविराम दिला आणि फाईल पाठवली. 5.32ची बोरिवली लोकल रिकामी होती. घरी आले तर आई उठून चहा टाकत होती. म्हणाली, "कळलं का, कोण बसतं ते?"