वाऱ्याची श्रेणी आणि पाण्याचा मार

हरिकेनची, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला येणाऱ्या तीव्र चक्रीवादळाची, बातमी आली की सर्वांत आधी त्याची श्रेणी सांगितली जाते, आणि घर सोडायचे की नाही हे किनाऱ्यावरचे अनेक जण त्या एका आकड्यावरून ठरवतात. मला हे फार धोक्याचे वाटते. सॅफिर-सिम्पसन श्रेणी, म्हणजे हरिकेनला दिला जाणारा एक ते पाच यांतला हा आकडा, केवळ वाऱ्याचा वेग पाहते; समुद्र किती चढेल किंवा पाऊस किती पडेल, याविषयी ती काहीच सांगत नाही. १९६३ ते २०१२ या काळात अटलांटिकमधील वादळांमुळे अमेरिकेत जे मृत्यू थेट ओढवले, त्यांपैकी जवळजवळ निम्मे उधाणाने, म्हणजे वादळामुळे जमिनीवर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याने, आणि सुमारे चतुर्थांश पावसाच्या पुराने झाले; वाऱ्याचा वाटा त्या मानाने अगदी थोडा होता.

उधाण येते तेही वाऱ्यामुळेच. तासन्‌तास किनाऱ्याकडे लोटले गेलेले पाणी खोल समुद्रात खालच्या खाली परत फिरते, पण उथळ तळावर त्याला ती वाट उरत नाही आणि ते जमिनीवर चढू लागते. त्यामुळे वादळाचा विस्तार, तळाचा उतार आणि भरतीची वेळ यांना वाऱ्याच्या वेगाइतकेच महत्त्व असते. २००५ साली कतरिना हे हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले होते. तरीही मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे २८ फूट चढले. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन भरते. अशा पाण्याचे लोंढे भिंतींवर आदळू लागले की लाकडी घर पायापासून उखडले जाते, मग छप्पर कितीही भक्कम असो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०१७ पासून उधाणाचा स्वतंत्र इशारा द्यायला सुरुवात केली, हे उत्तमच झाले. मात्र ज्याच्याकडे गाडी नाही, किंवा ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्याला इशाऱ्यासोबत वाहन आणि निवाराही मिळाला पाहिजे. न्यू ऑर्लिन्स शहरात कतरिनाच्या वेळी मागे राहिलेल्यांत अशी माणसे पुष्कळ होती.

वादळ ओसरल्यावर होणारे मृत्यू तर सहसा मोजलेच जात नाहीत. २०१७ च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर काही भागांत कित्येक महिने वीज नव्हती. घर शाबूत असूनही ऑक्सिजनचे यंत्र बंद पडते, शीतकपाटातले इन्सुलिन खराब होते, डायलिसिसच्या केंद्रापर्यंत जाणारा रस्ता खचलेला असतो. तिथला मृतांचा अधिकृत आकडा आधी ६४ होता. पुढच्या वर्षी, नेहमीपेक्षा किती अधिक मृत्यू झाले याचा अभ्यास झाल्यावर, तो २,९७५ करण्यात आला.