रिकामं पातेलं

पहाटे साडेचारला भिंतीपलीकडून अक्कांची हाक येते, "वहिनी, नळ आला!" आणि आमच्या बोळात बादल्यांचा खणखणाट सुरू होतो. सोलापुरात नळ रोज येत नाही. मध्ये तीन-चार दिवस जातात, आणि येतो तोही भलत्या वेळी. त्यामुळे आज सोमवार की मंगळवार हे विसरलं तरी चालतं, पाण्याचा दिवस विसरून चालत नाही.

असं मिळालेलं पाणी एकदाच वापरून मोरीत सोडायची छाती होत नाही. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, शेवटी भांड्यांचं पाणी, सगळं परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी जातं. परवा आमटीतली शेंग चोखता चोखता धाकटी म्हणाली, "म्हणजे आपण आपलं खरकटंच खातोय की!" सासूबाईंनी डोळे वटारले. पण पोरगी चुकीचं काय बोलली?

सासूबाईंच्या वेळी तर हे आणखी पक्कं होतं. चुलीत गोवऱ्या, आणि भांडी घासायला त्याच चुलीतली राख. गोवरी जळताना तिच्यातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, धुराबरोबर उडून जातं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) राखेत उरतं. बैलानं खाल्लेला कडबा असा शेण, गोवरी, राख करत करत भांड्यांच्या पाण्यातून झाडाच्या मुळाशी पोचायचा. आता मी हिरव्या साबणानं भांडी घासते आणि ते पाणी झाडाला घालताना जरा बिचकते.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या काळ्या रानातलं. उन्हाळ्यात त्या रानाला अशा भेगा पडतात की आमचा चेंडू एकदा आत गेला तो गेलाच. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, पाऊस आला की सगळं फुगून मिटतं. रान आपलं आपणच खालीवर होतं, नांगराआधीच. सप्टेंबरचा पाऊस ही माती पोटात धरून ठेवते. मग पेरलेली मालदांडी ज्वारी पुढं थेंबभर पाऊस नसतानाही त्या ओलीवर निघते. फेब्रुवारीत खळं झालं की आई नव्या ज्वारीची पहिली भाकरी थापायची. ती भाकरी म्हणजे गेल्या सप्टेंबरचा पाऊसच की.

भाकरीशेजारी शेंगाचटणी हवीच. तिची मजा वेगळी. हवेत 78 टक्के नत्र भरलेलं असतं, पण ज्वारीला त्यातला कणही थेट घेता येत नाही. भुईमुगाच्या मुळांवर मात्र बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हे कळल्यापासून चटणी मी दोन घास जास्तच खाते. (निमित्त लागतं, दुसरं काय.)

नत्र असं हवेतून परत येतं. पाण्याचंही तसंच. मे महिन्यात दोरीवरची सोलापुरी चादर बघता बघता कडकडीत वाळते, ते पाणी आठ-दहा दिवस हवेत फिरतं आणि कुठंतरी पाऊस होऊन पडतं. आपल्या गावात पडेलच असं नाही, पण पडतं. स्फुरदाला हा वरचा रस्ताच नाही. ते मातीतून दाण्यात आणि दाण्यातून आपल्या हाडांत येतं. मोठ्या माणसाच्या अंगात ते सहा-सातशे ग्रॅम भरतं. आणि मातीत परत गेलं, तर कुणीतरी नेऊन टाकलं म्हणूनच.

वडील ते करायचे. पिकं निघाली की रानात धनगरांची मेंढरं बसवायचे. चार रात्री मेंढरं बसायची, लेंड्या आणि मूत रानाला मिळायचं, धनगराला ज्वारी. आता ज्वारीची पोती शहरात येतात, भाकरी आमच्या पोटात जाते आणि उरलेलं गटारात. रानाला बदल्यात खताची गोणी मिळते. तिच्यातलं स्फुरद जॉर्डन, मोरोक्कोसारख्या देशांतल्या खडकांतून बोटीनं आलेलं असतं.

आणि जे रानाला हवं होतं ते भलतीकडेच साठतं. भीमाशंकराहून निघालेल्या भीमेला वाटेत मुळा-मुठेचं पाणी मिळतं, पुण्याचं सांडपाणी घेऊन. त्यातलं नत्र आणि स्फुरद उजनी धरणात उतरतं, पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते. शेवाळाला फुकटचं खत! तेच पाणी शुद्ध होऊन, शंभरेक किलोमीटर नळातून येऊन पहाटे साडेचारला माझ्या बादलीत पडतं. म्हणजे धाकटीचं ते 'आपलं' खरकटं नुसतं आपलंही नाही.

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, अशी आमच्या बोळाची रीत आहे. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. ज्या रानाची भाकरी रोज खाते त्या रानाला मी काय पाठवते, हे सासूबाईंनी विचारलं नाही ते बरं.

अक्कांच्या पुलिहोऱ्याचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, पातेलं गेल्या मंगळवारपासून ओट्यावर पालथं आहे. शेवग्याच्या शेंगा द्यायच्या म्हणून थांबले, तर त्या अजून काडीएवढ्याच. चटणी द्यावी तर डबा तळाला गेलाय. आणि उद्या पाण्याचा दिवस, पहाटे भिंतीवरून हाक येणार.