परदेशाशी करार झाला, आपल्याला काय मिळालं? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, हे बाहेरच्या देशाशी संशोधनाचे करार होतात, त्यातून आपल्याले काय भेटते?" काटोल-नरखेडच्या बागांमध्ये, लग्नाच्या पंगतीत, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात हा प्रश्न मला हमखास येतो. मी संत्र्याच्या मुळांच्या रोगांवर काम करते, तेव्हा उत्तरही संत्र्यावरूनच देते.

आधी पैशाचं बोलू. पैसा परदेशाचा आणि राबणं आपलं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. द्विपक्षीय प्रकल्पात साधारणपणे प्रत्येक देश आपापल्या शास्त्रज्ञांचा खर्च आपणच उचलतो. भारत-फ्रान्सचं सेफिप्रा हे केंद्र १९८७ पासून दोन्ही सरकारांच्या पैशावर चालतं. इस्रायलबरोबर २०१७ मध्ये औद्योगिक संशोधनाचा जो निधी ठरला, त्यातही वाटा सारखाच होता: दोघांनी दरवर्षी ४०-४० लाख डॉलर, पाच वर्षं. जर्मनीबरोबरच्या 'टू प्लस टू' योजनेत दोन्हीकडून एकेक संशोधन संस्था आणि एकेक उद्योग लागतो. ही अट मला फार मोलाची वाटते. ज्याला उद्या ती वस्तू बनवून विकायची आहे, तो पहिल्या बैठकीपासून सोबत असला की काम अहवालातच संपून जात नाही.

आता संत्रं. भारत-इस्रायल कृषी प्रकल्पातून नागपुरात संत्र्याचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं राहिलं. गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर लागवड, ठिबकमधून खत, झाडाची छाटणी, दाट लागवड या गोष्टी तिथे शेतकऱ्याला प्रत्यक्ष पाहायला मिळतात. आपल्याकडे जुनी लागवड ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे हेक्टरी २७७ झाडं. अंतर ६ बाय ३ केलं की तीच ५५५ होतात. हे ऐकून लोक लगेच विचारतात, "त्यायचं तंत्र आपल्या मातीत चालते काय?"

अगदी नेमका प्रश्न आहे हा. तिकडे पाऊस हिवाळ्यात, तोही थोडा. त्यांचं सगळं कौशल्य पाण्याचा थेंब वाचवण्यात मुरलेलं. आपल्याकडे चार महिन्यांत हजारेक मिलिमीटर कोसळतो आणि काळी चिकणमाती तो धरून ठेवते. ऑगस्टमध्ये पिवळ्या पडलेल्या झाडाखालची माती उकरून बघा. बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता पांढरा दोरा उरतो. हे फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचं काम. माती खरंच बाधित आहे का हे पाहायला आम्ही ती पाण्यात कालवतो आणि वर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवतो. हा जंतू असेल तर काही दिवसांत त्या तुकड्यांवर तपकिरी डाग धरतात.

म्हणून माझ्या मते आपल्याला गादीवाफा हवा तो पाण्याचा निचरा व्हावा आणि खोडापाशी पाणी साचू नये यासाठी. ठिबक हवं ते पावसाळा सरल्यावर, आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची फळं उन्हाळ्यात तगवण्यासाठी. साधन एकच, पण ते कशासाठी वापरायचं हे आपल्या जमिनीनं ठरवायचं. पाहुण्या तज्ज्ञांसमोर आपली अडचण नेमकी मांडली तर उत्तर कामाचं मिळतं. "उत्पादन वाढवायचं आहे" एवढंच सांगितलं तर ते त्यांच्याकडचं छापील वेळापत्रक देतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांच्याही पदरात काही पडतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा आणि लगेच जूनमध्ये धो-धो पाऊस, हे दोन्ही सोसणारं झाड त्यांना आपल्याकडेच पाहायला मिळतं.

"आपली कलमं, आपले जिवाणू ते घेऊन जात नाहीत ना?" ही काळजीही रास्त आहे. त्यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी संस्थेला आपली जैविक संपत्ती संशोधनासाठी हवी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सहयोगी प्रकल्पांना यातून सूट मिळू शकते, पण तो प्रकल्प केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बसणारा आणि मंजूर असावा लागतो. कागदपत्रांत वेळ जातो, तरुण संशोधक वैतागतात. तरीही ही चाळणी हवीच, असं मी त्यांना ठामपणे सांगते.

मला खरी खंत वाटते ती मुदतीची. असे बहुतेक प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात, आणि संत्र्याचं झाड नीट फळायला पाच-सहा वर्षं घेतं. म्हणजे निधी संपतो तेव्हा झाड शेंबडं पोर असतं. मुळं सडली की टिकली, दाट लागवडीत फांद्या एकमेकींत शिरल्यावर काय झालं, याच्या नोंदी त्यानंतरच घ्यायच्या असतात. प्रकल्पावरची मुलं तोवर दुसरीकडे लागलेली असतात. फळझाडांवरचा करार निदान आठ वर्षांचा करावा. ते जमत नसेल तर पहिले दोन बहार हाती येईपर्यंत नोंदी कोणी घ्यायच्या आणि त्या माणसाचा पगार कोणत्या देशानं द्यायचा, हे सही होण्याआधीच करारात लिहून घ्यावं.