काखेची घडी

"मावशी, हिच्या काखेला घडीच नाही!" जाहिरातीवर बोट ठेवून भाची म्हणाली. खरंच नव्हती. केसांची खूणसुद्धा नाही, नुसती गुळगुळीत कातडी.

मग तिने आरशासमोर स्वतःचा हात वर केला आणि पटकन खाली घेतला. ते पटकन खाली घेणं दिवसभर डोक्यातून जाईना.

घासून, घामाने, रेझरने तिथली कातडी गडद होतेच. आधी त्याची लाज वाटायला लावायची, मग क्रीम विकायचं. संताप येतो.

फ्रान्समध्ये २०१७ पासून फोटोतल्या मॉडेलला बारीक किंवा जाड केलं, तर जाहिरातीवर तसं छापावं लागतं. कातडी गुळगुळीत केली तर मात्र नाही!

शाळकरी पोरींना हे कोण सांगतं? तुम्ही बोलता का घरी?